पहिली फेरी रद्द

तेवीस वर्षं मी आमच्या बेटाच्या परिषदेत कारकून आहे. एवढ्या वर्षांत माझ्या हातून एक वेलांटी चुकली नाही, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही. म्हणूनच ती नोटीस मी मुद्दाम तशी लिहिली असं अख्खं बेट धरून चाललंय. काय झालं ते सांगते, मग तुम्हीच ठरवा.

परिषदेने पुढच्या दहा वर्षांचं अंदाजपत्रक तयार केलं. साठ पानं, सगळी मीच टाइप केली. वरून आलेल्या परिपत्रकात म्हटलं होतं की मंजुरीआधी नागरिकांची मतं ‘दोन फेऱ्यांमध्ये’ घ्यावीत, आणि दुसऱ्या फेरीलाही चाळीस माणसं आली नाहीत तर अंदाजपत्रक आहे तसं मंजूर समजावं. आम्ही तो गठ्ठा कचेरीच्या दारातल्या टेबलावर ठेवला. महिनाभर तिथे कुत्रंसुद्धा फिरकलं नाही.

सत्तेचाळिसाव्या पानावर एक ओळ होती : ‘अल्प प्रतिसाद असलेल्या प्रभातकालीन प्रवासी सेवेचे पुढील वर्षापासून सुसूत्रीकरण करणे.’ ती टाइप करून मी खुर्चीत तशीच बसून राहिले. प्रभातकालीन सेवा म्हणजे सहाची बोट. आणि सुसूत्रीकरण म्हणजे काय, हे तेवीस वर्षं असले कागद बडवणाऱ्या बाईला शिकवावं लागत नाही.

माझी सून पलीकडच्या काठावर इस्पितळात नर्स आहे. सातला तिची ड्युटी सुरू होते आणि दुसरी बोट सुटते साडेआठला. म्हणजे सहाची गेली की एकतर तिची नोकरी जाणार, नाहीतर ती तरी जाणार. मी हे घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सून किराणा दुकानातून रिकामी खोकी घेऊन आली आणि दारामागे रचून ठेवली. मुलगा माझा सुतार, त्याला लाकूड कुठेही मिळेल. पण ते दोघं गेले की त्यांच्याबरोबर साडेचार वर्षांची नातही जाणार. जेवताना माझी नजर सारखी त्या खोक्यांकडे जायची.

मुलगा म्हणाला, लोकांना सांगून टाक. सांगून टाक म्हणे! अंदाजपत्रकावर कर्मचाऱ्याने बाहेर चकार शब्द काढायचा नाही, असा नियम. आणि तो नियमही मीच टाइप केलेला. सूनच त्याला म्हणाली, आईंची नोकरी घालवून मला माझी टिकवायची नाही. मग तर मला बोलायची सोयच उरली नाही.

पहिल्या फेरीला, मंगळवारी, एकटा जुना दीपगृहवाला आला. तोही सभागृहातला पंखा चांगला आहे म्हणून. आमचे अध्यक्ष माणूस भला, पण चौकात कारंजं व्हावं हे त्यांचं सात वर्षांचं स्वप्न, आणि या अंदाजपत्रकात त्यांनी ते एकदाचं घातलेलं. चहूबाजूंनी पाणी कमी पडलं म्हणून मध्ये आणखी पाणी. तासभर त्यांनी दीपगृहवाल्याला नकाशावर कारंजं दाखवलं. तो केव्हाच घोरायला लागला होता. शेवटी मला म्हणाले, ही फेरी काही धरता येणार नाही, शनिवारी सगळ्यांना बोलवा. नोटीस धक्क्यावर लावा, तिथे तरी लोक वाचतात.

मी आधीच तापलेली. फणकाऱ्यात टाइप केलं, मोठ्या ठळक अक्षरांत : ‘पहिली फेरी रद्द. नागरिकांनी दुसऱ्या फेरीला यावे.’ खाली बारीक अक्षरांत शनिवार, सकाळी अकरा, सभागृह. आणि घरी जाताना धक्क्यावर, बोटीच्या वेळापत्रकाच्या शेजारी चिकटवून आले.

आता आमच्या बेटावर फेरी म्हटलं की बोटच. पहिलीने जातो, दुसरीने येतो, असंच आम्ही बोलतो. शेंबड्या पोरालाही हे कळतं. पण मी दोन महिने परिपत्रकातल्या फेऱ्या टाइप करत होते, माझ्या डोक्यात दुसरं काही शिल्लकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायला गेले तर पायरीवर बेकरीवाला, हाताला पीठ तसंच. त्याच्यामागे मासळीवाली, शाळेचे मास्तर आणि तीन बायका. नऊच्या सुमारास बोटवाला स्वतः आला. त्याच्या नाकाला चांगल्याच मिरच्या झोंबल्या होत्या. माझी फेरी रद्द होते आणि मलाच पत्ता नाही, असं त्याचं म्हणणं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हसावं की रडावं कळेना. मी एवढंच म्हटलं, जे काय बोलायचं ते शनिवारी अकराला येऊन बोला. यात खोटं काहीच नव्हतं.

शनिवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांतसुद्धा माणसं बसली होती. मागच्या रांगेत सून, मांडीवर नात. अध्यक्षांना काय झालंय ते कळल्यावर त्यांनी हसत हसत खुलासा केला : अहो, ही फेरी म्हणजे चर्चेची फेरी, बोट कुठेही जात नाही. सभागृहात हशा पिकला. बोटवाल्याने डोक्याला हात लावला. आणि मग खुर्च्या सरकायला लागल्या. लोक उठून निघाले.

पुन्हा ही माणसं गोळा व्हायची नव्हती. मी उठले. आवाज थरथरला नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं.

“बसा सगळे,” मी म्हटलं. “चर्चा व्हायची तर आधी वाचन व्हायला हवं. मी सत्तेचाळिसावं पान वाचते.”

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर बोलणं मना होतं, सभेत कागद वाचणं नव्हतं. मी ती ओळ वाचली, अल्प प्रतिसादापासून सुसूत्रीकरणापर्यंत.

“बाई, माणसाच्या भाषेत सांगा,” बेकरीवाला म्हणाला.

“माणसाच्या भाषेत,” मी म्हटलं, “पहिली फेरी रद्द. बोटीची.”

मग जे सुरू झालं ते अडीच तास चाललं. दहा वर्षांत आमच्या परिषदेला जेवढी मतं मिळाली नव्हती, तेवढी त्या दिवशी मिळाली. कुणी म्हणालं, प्रतिसाद अल्प कसा, थंडीत एकदा मोजून गेलात आणि ठरवलंत? अध्यक्षांनी कपाळ पुसत विचारलं की ठीक आहे, बोट ठेवायची तर काहीतरी सोडावं लागेल, काय सोडू? सभागृहातून एकच शब्द आला. कारंजं.

बिचाऱ्यांनी तरी एकदा विचारून पाहिलं, कारंजं कुणाकुणाला हवंय, हात वर करा. दीपगृहवाल्याचा एक हात वर गेला, तोही आळस द्यायला. अध्यक्षांच्या बायकोने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. दर रविवारी ती सहाच्या बोटीने माहेरी जाते. अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांनाच हसू फुटलं. आपल्या हाताने त्यांनी कारंज्यावर काट मारली. मग मला म्हणाले, शुद्धिपत्रक काढा, आणि या वेळी जरा बघून. एवढ्यावर माझी नोकरी वाचली.

आता बाजारात लोक मला डोळा मारतात. बाईंनी ध चा मा केला म्हणतात. मी नाही म्हटलं की आणखीच खूश होतात.

सोमवारी सहाला मी धक्क्यावर शुद्धिपत्रक लावत होते. सून नेहमीसारखी धावत आली, चपलेचा पट्टा लोंबत होता.

“आई, खरं सांगा, मुद्दाम लिहिलंत ना?”

“नाही गं. चुकलंच.”

“मग आयुष्यभर असंच चुका,” ती म्हणाली, आणि भर धक्क्यावर मला मिठी मारून बोटीत चढली. बोट सुटल्यावर तिथूनच ओरडली, “ती खोकी दुकानात परत देऊन टाका!”

मी घरी गेले. डोळे पुसायचीही तसदी घेतली नाही, आनंदाचंच पाणी होतं. दारामागची खोकी नातीने ओढून अंगणात एकामागे एक लावली होती. सगळ्यांत पुढच्या खोक्यात ती स्वतः बसली होती, मागच्या सगळ्यांत तिच्या बाहुल्या, उशा आणि माझा चष्म्याचा डबा. मी खोकी उचलायला वाकले, तर तिने हात आडवा केला.

“पहिली फेरी भरली, आजी,” ती म्हणाली. “तू दुसऱ्या फेरीला ये.”