भिंतीपलीकडची गौर

सत्यवतीकाकींनी तेरड्याचा एक ठोंब दोन्ही हातांनी बुडाशी धरला, जरासा हलवला आणि मुळासकट उपटला. मुळांची माती झाडून तो शेजारी उभ्या असलेल्या धाकट्या जावेच्या हातात दिला आणि लगेच दुसऱ्याला हात घातला.

मृणालीने स्कूटर फाटकाशी कशीबशी उभी केली आणि ती धावतच बंगल्याच्या मागे आली.

"काकी! अहो काकी, काय करताय हे?"

काकींनी मान वर केली. गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले. त्यांनी हातानेच ‘थांब’ अशी खूण केली आणि पुन्हा खाली वाकल्या. जावेचं, विनिताचंही तोंड तसंच. दोघींपैकी एकीनेही अवाक्षर काढलं नाही. बागेतला सगळ्यात दाट, सगळ्यात फुललेला वाफा बघता बघता विरळ झाला. मग ती मुळं नीट खाली धरून दोघी मागे वळूनही न पाहता घराकडे चालत्या झाल्या.

मृणाली तिथेच चिखलात उभी राहिली. काय झालं ते तिला कळलं होतं, किंवा निदान तिला तसं वाटलं. निकाल लागला होता.

ती मूळची अमरावतीची. पुण्यात उद्यानरचना शिकली आणि पुढे बरीच वर्षं तिने हॉटेलांसाठी हिरव्यागार लॉनी घातल्या. त्या लॉनींवर एक फुलपाखरू बसत नसे. एके दिवशी तिला त्याचा कंटाळा आला, इतका की गेल्या दिवाळीनंतर तिने चौलला एक वाडी भाड्याने घेतली आणि इथल्याच झाडांची रोपवाटिका सुरू केली. उंडी, करंज, भेंड, कुडा, रानजाई. बघायला आलेले लोक हसत. कोकणात करंजाचं रोप विकत कोण घेणार? पिकतं तिथं विकत नाही, हे तिला चार महिन्यांत पुरतं कळलं होतं. तरी सकाळी रोपांना पाणी घालताना तिला मनापासून बरं वाटायचं, आणि आपल्याला बरं वाटतंय हे कबूल करण्यात तिला कमीपणा वाटत नसे.

तिला पहिलं मोठं काम दिलं ते सत्यवतीकाकींच्या यजमानांनी, नागावच्या हिरामण शेठनी. उरणला त्यांचे ट्रेलर आणि डंपर चालत. इथे त्यांनी बंगला बांधला होता, आणि बंगल्यापेक्षा हौसेने त्याची कुंपणभिंत. आवार केवढं तरी. त्यांना सगळीकडे लॉन हवी होती, पण मागच्या बाजूला पाणी साचे आणि लॉन कुजे. म्हणून ते म्हणाले होते, "ही वली जागा तुमची, मॅडम. गनपतीपर्यंत बघू. पावन्यांना आवडली तर सगलं आवार तुम्ही करा. नावं ठेवली तर मंग सदाला लॉन टाकायला सांगनार."

पहिला पावसाळा. तिने काठाने उंडी आणि भेंडाची रोपं लावली, पाणी जिथे थांबतं तिथे ते थांबू दिलं, आणि ओलाव्यात तेरड्याचं बी फेकलं. श्रावणात बेडूक आले, मग चतुर, मग खंड्या येऊन भिंतीवर बसू लागला. भाद्रपद लागता लागता तेरडा असा फुलला की शेजारच्या बंगल्यातले लोक गच्चीवरून फोटो काढू लागले. पण काल संध्याकाळी शेठचा पुतण्या अल्पेश गणपतीच्या दर्शनाला आला आणि बागेकडे पाहून म्हणाला, "काका, एवढा पैसा खर्च करून रानच वाढवायचं होतं? साप निघतील यातून." शेठ नुसते हसले होते. ते हसणं मृणालीला रात्रभर छळत होतं.

आणि आज हे.

रडायचं नाही, असं तिने ठरवलं आणि पिशवीतून खुरपं काढलं. तेरडा गेला तर गेला, पण उंडीची रोपं तिने स्वतः रेवदंड्याच्या किनाऱ्यावरून बिया वेचून वाढवली होती. ती रोपं काही ती सदाच्या लॉनखाली जाऊ देणार नव्हती. तिने पहिलं रोप मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट वर काढलं. दुसरं काढलं. तिसऱ्यापाशी बसली तेव्हा मागून आवाज आला.

"मॅडम, हे काय चाललंय?"

हिरामण शेठ नवा सदरा घालून उभे होते.

"माझी रोपं घेऊन जाते, काका. लॉनवाला यायच्या आत."

"सदा? तो कशाला येतंय आज सणाचा?"

"काकींनी सगळा तेरडा उपटून नेला. मी विचारलं तर बोलल्यासुद्धा नाहीत. गाल फुगवून बसल्या होत्या. माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांगायचं की!"

शेठनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या दोन उपटलेल्या उंडींकडे. आणि ते एवढ्या मोठ्याने हसले की भिंतीवरचा खंड्या उडाला.

"अगं पोरी, तिच्या तोंडात पानी होता!"

"पाणी?"

"गवर आनताना तोंडात पान्याचा घोट धरतात. घरात येयपर्यंत बोलायचं न्हाय. तेरड्याचीच तर गवर असते आमची. तुमच्याकडं न्हाय काय?"

अमरावतीला महालक्ष्म्या असत. मुखवट्यांच्या, भरजरी साड्या नेसलेल्या ज्येष्ठा-कनिष्ठा. त्यांना तोंडात पाणी धरून चिखलातून उपटून आणत नसत. तेरड्याचं लॅटिन नाव, बी रुजण्याचे दिवस, त्यावर येणारे पतंग, हे सगळं मृणालीला पाठ होतं. तेरड्याची गौर असते हेही तिने कुठे तरी वाचलं होतं. पण ती आपल्याच वाफ्यातून, आपल्या डोळ्यांसमोरून चालत जाईल, हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तिला इतकी लाज वाटली की हातातलं खुरपं कुठे ठेवावं ते सुचेना.

घराच्या ओटीवरून आता काकींचा मोकळा झालेला आवाज येत होता. गौर घरात आली होती. थोड्या वेळाने त्या स्वतःच मागे आल्या, हाताला हळदीकुंकू लागलेलं.

"रागावलीस काय गं? मना बोलताच येईना. किती वर्सांनी घरच्या मातीतली गवर मिललीय. बाजारातली आनायचे, तर घरात येयपर्यंत मान टाकायची बिचारी. आज कशी ताठ बसलीय बघ जा."

मृणाली काही बोलणार तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली.

"सत्ये! ए सत्ये! हाय काय गं उरलेली गवर?"

ती मनुबाई होती, भिंतीमागच्या वाडीतली, शेठची लांबची चुलती. काकींनी लगबगीने दोन चांगले ठोंब निवडले, उपटले आणि भिंतीपाशी जाऊन टाचा उंचावल्या.

"घे गं काकी, वरून देते."

"वरून?" पलीकडचा आवाज चढला. "गवर काय चोरीचा माल हाय, भिंतीवरून घ्याला? आपल्या हातानं काढायची आन् दारातून न्यायची असते ती. वहाल होता तवा उतरायचो, काढायचो, सरल घरी. तुझ्या नवऱ्यानं भराव टाकला, गवर गेली त्याच्याखाली. वर ही भिंत."

काकी खाली बघू लागल्या. हा तुकडा ओला का राहतो, ते मृणालीला आत्ता समजलं. भराव घातला तरी वहाळाचं, त्या जुन्या ओढ्याचं, पाणी आपली जागा विसरलेलं नव्हतं. तिने शेठकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांना आणखी अवघड झालं असतं.

"म्होरल्या फाटकातून ये ना, काकी," शेठ शेवटी म्हणाले.

"सगल्या गावाला वलसा घालून? येते. न येऊन काय करते?"

मनुबाई आली. यायला बराच वेळ लागला, कारण तिचे गुडघे धड नव्हते. तिने बागेवर एक नजर टाकली. ‘छान’ बिन काही म्हणाली नाही. तिथेच बसून दोन्ही हात चिखलात घातले आणि म्हणाली, "हा, ह्याच वासाची माती." मग काकींनी आणून दिलेल्या तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं, गाल फुगवले आणि एक ठोंब अलगद ओढून काढला.

ती पुन्हा लांबच्या वाटेने निघाली तसे शेठ म्हणाले, "थांब जरा."

ते मागच्या भिंतीपाशी गेले आणि तिच्यावर तळहात ठेवून उभे राहिले. ही भिंत बांधताना त्यांनी रोज उरणहून येऊन गवंड्याला ओळंबा धरायला लावला होता.

"मॅडम, तुमच्या नकाशात हितं काय हाय?"

"रानजाईचा वेल. भिंत झाकायला."

"तो जरा बाजूला सरकवा. हितं दार पाडायचंय." शेठ खाली वाकून विटेचा एक तुकडा शोधू लागले. "म्होरल्या बाजूला लॉन थोडी राहू दे, पोरांना खेलायला. बाकीचं तुम्ही बघा. आन् ती दोन झाडं आधी लावा, सुकतील."

मृणालीने मान हलवली. तिला बोलता येईना, आणि तिच्या तोंडात तर पाणीही नव्हतं.

"काकी, हितं उभी ऱ्हा," शेठ म्हणाले. "अशी, भिंतीला पाठ लावून."

मनुबाई उभी राहिली. तेरडा तिने दोन्ही हातांनी छातीशी उभा धरला होता आणि त्याचा शेंडा तिच्या डोक्याच्याही वर गेला होता. शेठनी विटेच्या तुकड्याने तिच्या डोक्यावरच्या पदराच्या जरा वर एक आडवी रेघ ओढली.

मनुबाईने तिरक्या नजरेने ती पाहिली. मिटल्या तोंडाने जोरजोरात मान हलवली, आणि गौर एका हातात सांभाळत दुसरा हात फुलांच्याही वर नेऊन दाखवला.

शेठनी ती रेघ तळहाताने पुसली आणि टाचा उंचावून वर दुसरी ओढली.