पिनीच्या मानेची गोलाई

ज्या दिवशी माझ्या खालच्या खणात एका जुन्या नकाशाची प्रत कमी भरली, त्या दिवसापासून माझ्या मनातली भीती गेलेली नाही. मित्रांनो, मी यंत्रभागांचे नकाशे ठेवायचे एक सागवानी कपाट आहे. पौडच्या सुताराने मला घडवले आणि भुकूमच्या एका लहान कारखान्यात आणून उभे केले. इथे साखळीच्या कप्प्या बनतात. विहिरीतली मोटार दुरुस्तीसाठी वर ओढायची, तर अशाच कप्पीला टांगतात. त्या वेळी खाली विहिरीत माणूस उभा असतो.

माझ्या किल्ल्या शमशादबीकडे असत. नकाशांच्या प्रती तीच काढायची. एखाद्या भागात बदल झाला, की नवी प्रत निघे. पण जुनी हातात पडल्याशिवाय ती नवी देत नसे. जुनीवर लाल फुली मारून ती माझ्या खालच्या खणात टाकायची. वर्ष सरले, की मोजून जाळायची. तिचा नवरा मोहिद्दीन तिथेच लेथवर होता. त्यालाही सूट नव्हती.

“घरी तुमी मालक. हितं आधी जुना कागद ठेवा,” ती म्हणायची. सगळे हसत. मोहिद्दीनही हसे.

मग शमशादबी काविळीने गेली. त्याच सुमारास चाचणी घेताना कप्पीच्या आकड्याची, म्हणजे हुकाची, एक पिन मानेशी, जाड भाग बारीक होतो तिथे, तडकली. तिथला कोपरा धारदार होता, सगळा ताण त्यावरच येई. मालक हैबतराव यांनी त्याला गोलाई दिली, नवा नकाशा स्वतः काढला आणि मोहिद्दीनच्या लेथवर ठेवला. जुना मागायला मात्र त्यांची जीभ रेटली नाही. दफन नुकतेच झाले होते.

पुढे जुन्या प्रती जाळायला काढल्या, तेव्हा पिनीची जुनी प्रतच कमी आली. हैबतराव लेथपाशी गेले. नवा नकाशा घडी न मोडता पडला होता. समोर शमशादबीच्या अक्षरातला जुना टांगलेला होता.

“तुमी फुली मारली असती, सायेब,” मोहिद्दीन म्हणाला. “तिच्या हातचा शेवटचा कागद हाय.”

“आन् पिना?”

मोहिद्दीनने टांगलेल्या नकाशावर बोट ठेवले. “ह्याच्यावरूनच केल्या.”

पिन एकदा कप्पीत बसली, की तिची मान दिसत नाही. तिच्यावर खूणही नव्हती. कोणती पिन कोणत्या कप्पीत बसली आणि ती कप्पी कोणत्या गावी गेली, हे माझ्या एकाही खणात नव्हते. मी फक्त नकाशे सांभाळले होते.

हैबतरावांनी माझ्या दारावर खडूने नवी पद्धत मांडली. नकाशा बदलला, की त्याचा क्रमांक पिनीवर ठोकायचा, पिनीचा माग कप्पीला जोडायचा, कप्पीचा गिऱ्हाइकाला, थेट ती भंगारात जाईपर्यंत. जुनी प्रत त्यांनी स्वतः मागून घेतली. फुली मारताना शमशादबीच्या अक्षराचा कोपरा कापून मोहिद्दीनच्या हातात दिला.

मोहिद्दीन सुट्टीच्या दिवशी सायकलवर नव्या पिना घेऊन निघतो. कासार आंबोलीपर्यंतच्या विहिरी त्याने पालथ्या घातल्या. जुन्या पिना परत येतात, तेव्हा त्यांच्या माना माझ्या नजरेला पडतात. काहींना बारीक तडे गेलेले असतात.

मित्रांनो, वस्तू फाटकाबाहेर गेली, म्हणून तिची काळजी सोडू नका. पौडच्या बाजारातून एका अनोळखी माणसाने नेलेली कप्पी अजून सापडलेली नाही. तिची पिन बदलायची राहिली आहे.