परगावी निघालेलं पाणी

मानखुर्दच्या वस्तीत सुंदराबाईच्या दारात नलिनी थर्माकोलची पेटी उघडून बसली, तेव्हा ऊन नुकतं ओट्यावर चढलं होतं. घाटकोपरच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करणारी ही मुलगी विहिरीचं पाणी तपासायला पुण्याला धाडणार होती. बाराच्या एसटीनं पार्सल गेलं पाहिजे; पाणी शिळं झालं की तपासणी फुकट. पाणी खराब ठरलं, तर वस्तीला पालिकेकडे नळ मागता येणार होता.

पेटीच्या तळाला लाकडाचा भुसा, कडेनं पिशव्यांत बांधलेला बर्फ. सुंदराबाईनं पहाटेच भरून ठेवलेली बाटली पुढं केली. सासरी निघालेल्या लेकीचं तोंड पुसावं, तशी पदरानं पुसून.

नलिनीनं बाटली उन्हात धरली. पाणी नितळ, आरपार.

"मावशी, हे विहिरीचंच ना?"

"मग काय नारळाचं?"

"परवा तर तेलाचा तवंग होता. काही घातलंत का यात?"

सुंदराबाईनं पायाचा अंगठा जमिनीत रोवला. "घातलं न्हाई काई. तुरटी फिरवली जराशी. आन् फडक्यानं गाळलं. परगावी जातंय पाणी, चार शिकलेली माणसं बघणार. गढूळ कसं धाडू?"

"वाट लागली! अहो, घाण सगळी खाली बसली, तुम्ही वरचं दिलंत. पुण्याचे लोक लिहून देतील, पाणी झकास आहे, प्या पोटभर. मग नळ कोण देईल?"

सुंदराबाई विहिरीकडं बघत राहिली. गावाकडं तिच्या हातचं पाणी कुणी घेत नसे. इथं आल्यावर धोंडिरामनं, तिच्या नवऱ्यानं, कुदळ घेऊन ही विहीर खणली. पहिला हंडा वर आला, त्या दिवशी सगळ्या जातीची माणसं ओंजळ पुढं करून उभी राहिली होती. भिंतीपलीकडचा कारखाना फार नंतरचा.

"आमचं पाणी घाण, हे ऐकतच म्हातारी झाले बाई मी," ती हळूच म्हणाली. "आता ते कागदावर लिहून आणायचं?"

नलिनीनं ती नितळ बाटली बाजूला ठेवली. मग म्हणाली, "घाण तुमची नाही, मावशी. ती भिंतीपलीकडून येते. तुम्ही झाकलीत, तर त्यांचंच झाकलंत."

तिनं पेटीतून दुसरी, जादा आणलेली बाटली काढली. "उकळून आणलीये. धुऊ नका, पुसू नका. काढाल तसं काठोकाठ भरा."

सुंदराबाईनं पोहरा सोडला. वर आलेल्या पाण्यावर मोरपिशी रंग हलत होते, रॉकेलसारखा वास येत होता. या वेळी तिनं हात आखडला नाही; आलं तसंच पाणी बाटलीत ओतलं. नलिनीनं झाकण घट्ट लावलं, त्यावर चिकटपट्टी फिरवली, बाटलीवर वेळ लिहिली. कागदात गुंडाळून बाटली भुशात उभी केली, बर्फ चहूबाजूंनी सारला आणि पेटी सुतळीनं बांधली.

"पोचंल ना येळेवर?"

"पोचवतेच बघा."

पेटी घेऊन नलिनीची रिक्षा वळणाआड गेली. शेजारची कुंदा कळशी घेऊन विहिरीवर आली आणि रहाटाला हात घालणार, तोच सुंदराबाईनं तो धरला.

"नको गं. पोरांना हे पाजू नको."

"आँ? काल तूच तर म्हणालीस, काही होत नाही."

"खोटं बोलले मी." सुंदराबाईनं घरातून आपला हंडा आणला. "चल, रस्त्यापलीकडच्या नळावर. लांब आहे, पण मीबी येते."