श्वास थांबेल तिथे ओळ

बायको सोनाबाई वारल्याचं कळलं तेव्हा काशिराम घरामागे भेंडीला पाणी घालत होता. ती चार दिवसांसाठी उरणला भावाकडे गेली होती. फोन सुनेने घेतला. अंकिता मागच्या दारात येऊन उभी राहिली आणि तिच्या तोंडाकडे बघूनच त्याला समजलं. तरी त्याने नळ बंद केला, नळी गुंडाळून ठेवली आणि मगच विचारलं, "कवा?"

दिवस-कार्य झालं. माणसं आली, गेली. मुलगा जीवन बंदरातल्या नोकरीवर परत रुजू झाला. काशिरामची थोरली बहीण जनी तेवढी सोबतीला राहिली. मग श्रावण जवळ आला.

सुकापूरच्या जुन्या गावात हनुमानाच्या देवळात श्रावणभर पोथी लागते. एकाने वाचायचं, दुसऱ्याने अर्थ सांगायचा. अध्याय घरांना वाटून दिलेले. काशिरामच्या घरचा अध्याय सोनाबाई वाचायची आणि अर्थ तो सांगायचा. ती थांबली की हा सुरू. गावाला वाटायचं, काशिरामला पोथी पाठ आहे. त्याला पाठ होतं ते तिचं थांबणं. छापलेलं पान स्वतः हातात घेतलं की ओळी एकमेकींत शिरायच्या. एक ओळ संपवून खाली यावं तर नजर भलत्याच ओळीवर उतरायची.

देवळाची व्यवस्था बघणारा कमळाकर घरी आला. "काशीदादा, यंदा तुमचा अध्याय मोबाईलवर लावू. आवाज चांगला हाय. तुमी निस्तं बसा."

"आनि अर्थ?"

"मोबाईल अर्थाला थांबत नाय. एक वर्ष नाय सांगितला तर देव काय रागवतो?"

"माज्या घरचा अध्याय मी वाचनार."

"वाचा की. पन मागं पूजेची पत्रिका वाचाया घेतली, तर देवाच्या नावावरून एकदम जेवनाच्या टायमावर आलते तुमी!"

"भूक लागली असंल त्याला," जनी आतून म्हणाली. "तू चा पी आनि जा. मानूस गेल्यावर वर्षाच्या आत सन नाय करायचा, खरं. पन पोथी काय सन हाय?"

कमळाकर चहा पिऊन गेला, पण जाताना म्हणाला, "मोबाईल चार्ज करून ठेवतो."

काशिरामला रात्रंदिवस एकच धास्ती. अध्याय मोबाईलने वाचला की पुढच्या वर्षीही तोच वाचणार. सोनाबाईची जागा कायमची गेली.

अंकिता कामोठ्याला शिकवणीच्या क्लासमध्ये शिकवायची. तिने सासऱ्याला पान वाचायला लावलं आणि बोट कुठे चुकतं ते बघत बसली. "आमच्याकडे अशी मुलं येतात, बाबा," ती म्हणाली. "त्यांना आम्ही वेगळं छापून देतो. मी करते."

दुसऱ्या दिवशी तिने एक पान आणलं. अक्षर मोठं आणि प्रत्येक शब्दाची सुरुवात जाड. जाड भागावर डोळा टिकतो, असं तिने कुठेतरी बघितलं होतं. काशिरामने वाचायला घेतलं आणि घर दणाणलं. जनी हात पुसत बाहेर आली. "कोनाशी भांडतोस?"

"जाड अक्षर हाय ना. जाड म्हंजी जोरात."

देवळातल्या आरतीच्या कागदावर सगळ्यांनी मिळून म्हणायची ओळ जाड असते. त्याचा तो नियम पक्का होता. अंकिताने डोक्याला हात लावला आणि मग तिघंही हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी हसणं झालं.

जाड अक्षरं गेली. ओळींमधली जागा वाढवली. तरी ओळ लांब होती, आणि परत येताना नजर घसरतच होती.

"ओळ लहान करायला हवी," अंकिता म्हणाली. "पण तोडू कुठे? मूळ पोथीत सगळं सलग आहे."

काशिरामने पान खाली ठेवलं. मग म्हणाला, "तू वाच. मी सांगतो."

ती लॅपटॉप मांडीवर घेऊन वाचू लागली. त्याने डोळे मिटले. "हितं थांबायची ती." अंकिताने तिथे ओळ तोडली. "आता हितं." पुन्हा तोडली. सगळी दुपार दोघं तेच करत बसली. एका ठिकाणी अंकिता अडली. "बाबा, इथे अर्थ पुरा होत नाही. मधेच तुटतो."

काशिरामने पुन्हा ऐकलं. "खरं हाय. तिथं ती पानी प्यायची."

"मग तोडू नको?"

"नको. माजं मी पानी पिईन कुठंबी."

ओळी आखूड झाल्या, दर ओवीनंतर मोकळी जागा आली. अंकिताने एकाआड एक ओवीमागे फिकट राखाडी पट्टा दिला, म्हणजे नजर दुसऱ्या ओवीत शिरायची नाही. काशिराम रोज पाठच्या अंगणात बसून वाचायचा. पहिल्यांदा बोट ठेवून, मग बोटाशिवाय.

अध्यायाच्या दिवशी देऊळ भरलं. कमळाकरने माईकजवळ मोबाईल मांडून ठेवला होता. काशिराम बसला, पानं समोर घेतली. पहिली ओवी चाचरत गेली. दुसरीला नजर डावीकडे परतली ती बरोबर खालच्या ओळीवर उतरली. ओळ जिथे संपत होती तिथे तो थांबला आणि सवयीने स्वतःच अर्थ सांगू लागला. हळूहळू त्याच्या लक्षात आलं, की आपण घाबरलेलो नाही. कोणी हललं नाही, कोणी हसलं नाही. मधेच कमळाकरने हात लांब करून मोबाईल उचलला आणि खिशात टाकला.

अध्याय संपला तेव्हा कमळाकर म्हणाला, "दादा, माज्या अध्यायाचं पन असं करून द्याल?"

"माज्या सुनेला विचार," काशिराम म्हणाला.

घरी येऊन त्याने पोटभर जेवण केलं. भात परत मागून घेतला. जनीने वाढताना वाटीत आमटी जास्त घातली.

अंकिताचा एवढा एकच अध्याय करून झाला आहे. बाकीची पोथी अजून तशीच दाटीने छापलेली आहे, आणि ती करायची राहिली आहे.