नेरेइदाच्या टिपऱ्या आणि पाहुण्याची थांबणारी आई

मी एक जुनी टिपऱ्यांची जोडी आहे, मित्रांनो. जोडी असूनही 'मी'च म्हणते, कारण एकटी टिपरी म्हणजे नुसतं दांडकं. सँटियागोच्या पेर्फेक्तो सुताराने मला पाण्यात बुडेल इतक्या जड लाकडातून घडवलं आणि आपल्या लेकीच्या, नेरेइदाच्या हातात दिलं. "मूठ आवळू नकोस गं! तळव्यात पोकळी ठेव, नाहीतर ती मुकी होते," असं तो तिला सारखं बजावायचा.

माझं काम सोपं. आधी तीन ठोक्यांचं घर, मग दोन ठोक्यांचं, की माझा एक फेरा पुरा; आणि पुन्हा तीन. गाणं सुरू झालं की संपेपर्यंत हा क्रम मोडायचा नाही. गाणं चुकीच्या घरात पडलं तर आमच्याकडे रस्त्यावरची पोरंही ओरडतात, "आडवं गेलं!"

नेरेइदाचं लग्न झालं आणि सासूबाईंनी मला लसूण ठेचायला घेतलं. फार राग आला, पण सांगणार कोणाला? पुढे भावाने बँड काढला तेव्हा नेरेइदाने मला स्वयंपाकघरातून सोडवलं. भाऊ गेल्यावर बँड त्याच्या मुलाकडे, रेइनिएरकडे आला. पोरगा ट्रम्पेट झकास वाजवी, पण जॅझच्या नादी लागलेला. त्याने मिसिसिपीहून ओडेल नावाचा म्हातारा ब्लूज गायक बोलावला. शनिवारी चौकात सगळ्यांनी मिळून वाजवायचं ठरलं.

तालमीत दोन ओळी छान गेल्या. तिसरीला ओडेलने सूर धरला तो सोडेचना. एक घर जास्त झालं आणि ट्रम्पेट उलट्या घरात शिरला.

"आडवं गेलं!" नेरेइदा ओरडली.

"आत्या, तूच जरा घरं उलट ना, दोनचं आधी घे."

"सूर्य उलटा उगवेल, मी नाही उलटणार!"

"मग या गाण्यापुरती तू... म्हणजे, बसून ऐकलंस तर..."

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? मला काढायचंय, तर काढ की!" असं म्हणून तिने मला पिशवीत कोंबलं. बापाने दिलेलं एवढंच तिच्याजवळ उरलं होतं. मला तर रडूच आलं.

"बाई निघाल्या का?" ओडेलने विचारलं. रेइनिएरने खाली मान घालून सगळं सांगितलं.

ओडेल म्हणाला, "मी मुद्दाम नाही ओढत. माझी आई कापूस वेचताना हे गायची. तिथे थांबून ती पाठ सरळ करायची. पाठ फार दुखली की जास्त थांबायची."

रेइनिएरने ते आमच्या भाषेत सांगितल्यावर नेरेइदा पुन्हा खाली बसली. "अगं बाई! मग त्या माऊलीला काय मोजून थांब म्हणायचं? रेइनिएर, असं कर. त्यांचं एक घर जास्त झालं, तर आपण सगळ्यांनी एक घर उत्तर द्यायचं. 'थांब गं आई, थांब.' एक आणि एक दोन, माझा फेरा पुरा. आणि त्यांना घाई करायची नाही!"

शनिवारी चौक गच्च भरला होता. ओडेलने सूर धरला. एक घर जास्त झालं, दोन झाली, तरी तो डोळे मिटून गातच होता. वाजवणाऱ्यांची मोजदाद कधीच चुकली होती. मी मात्र तीन आणि दोन, तीन आणि दोन बोलत राहिले. ट्रम्पेट ओठाला लावून रेइनिएर आत्याच्या हातांकडे बघत उभा होता. ओडेलचा सूर जास्तीच्या तिसऱ्या घरात थांबला; उत्तराचं एक धरून चार, म्हणजे माझे दोन फेरे पुरे. नेरेइदाने मानेने खूण केली आणि सगळे एकदम गायले, "थांब गं आई, थांब!" ओडेलने डोळे उघडले. ते भरून आले होते. रेइनिएरचा ट्रम्पेट बरोब्बर आपल्या घरात शिरला आणि चौक नाचू लागला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेल लावा, पुसा, जपा. पण घरातलं एखादं जुनं माणूस आपला ठेका सोडत नसेल, तर त्याला उठवून बाजूला बसवू नका. नव्यांची मोजदाद चुकते तेव्हा त्यांना बघायला एक हात तरी समोर हवा.