माझ्या जागेवर नवा माठ

मित्रांनो, मी एक जुना माठ आहे. आहे म्हणतो खरा, पण तुम्ही मला शोधायला निघालात तर खापराचा तुकडासुद्धा हाती लागायचा नाही. घाबरू नका. फुटलेला माठ बोलतो कसा, तेच तर सांगायला बसलो आहे.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, त्या काळातला माझा जन्म. मोताळ्याच्या कुंभारानं मला चाकावर घडवलं, थापीनं बडव बडव बडवलं आणि भट्टीत भाजलं. आठवडी बाजारात ज्यानं त्यानं टिचक्या मारून पाहिल्या. शेवटी भगवंतराव मास्तरांनी मला घेतलं आणि मलकापूरला आणलं.

मास्तर पेन्शनीत निघालेले. दिवेलागणीला वाचनालयाच्या मागच्या खोलीत ते कामकरी माणसांना तत्त्वज्ञानाचे पहिले धडे फुकट शिकवायचे. कापसाच्या जिनातले गडी यायचे, कय्यूमचाचा पिंजारी यायचा, दोन-चार शेतकरी यायचे. मी कोपऱ्यातल्या वाळूवर बसलेला. सगळे माझंच पाणी प्यायचे, एकाच पेल्यानं, आणि त्या दिवसांत ही साधी गोष्ट नव्हती. ज्ञान मिळो न मिळो, मास्तरांकडे पाणी गार मिळतं, असं लोक म्हणत. मी आपला खूश व्हायचो.

त्या वर्गात इंद्रभान होता. जिनात काट्यावर कापूस तोलायचा. त्याची बायको सोजराबाई उन्हाळ्यात तापानं गेली होती. थोरली बहीण रुखमाबाई त्याच्या मागे हात धुऊन लागलेली. मोताळ्याची पोरगी पाहून ठेवली आहे, सोजराची जागा रिकामी ठेवू नको, चार दिवसांत सगळं विसरशील, असं तिचं रोजचं पालुपद. इंद्रभान हो म्हणेना की नाही म्हणेना. सोजरा कुठे तरी आहे की कुठेच नाही, एवढंच त्याला कळायला हवं होतं. त्यासाठीच तर तो बिचारा वर्गात येऊन बसायचा.

एके संध्याकाळी मास्तरांनी अभाव शिकवायला घेतला. अभाव म्हणजे नसणं. आपले जुने तर्कपंडित नेहमी घटाचाच दाखला देतात, म्हणून मला उचलून मधोमध ठेवलं. माठ घडण्याआधी त्याचं नसणं असतं, आणि माठ घडला की ते संपतं. इथवर सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढचं काही केल्या कोणाच्या डोक्यात शिरेना. ही घटपटाची खटपट आपल्या कामाची नाही, असं कय्यूमचाचा पुटपुटला. मास्तर तसे तापट. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं आणि फरशीवर आपटलं.

काय सांगू तुम्हाला! शिकवण्यापायी माझा जीव घेतला हो. दुखलं मात्र नाही. पाणी चहूकडे पळालं, खापरं कोणीतरी भरून बाहेर टाकली, आणि मी कोपऱ्यातल्या माझ्या जागेवर जाऊन बसलो.

"माठ गेला," मास्तर म्हणाले. "आता त्याचं नसणं सुरू झालं. या नसण्याला सुरुवात आहे, शेवट नाही."

इंद्रभान उभा राहिला. "कधीच सरत नाई का जी?"

"कधीच नाही."

सोजराचं नसणं तरी आता कायमचं आपल्याजवळ राहणार, या विचारानं इंद्रभानचा चेहरा उजळला, आणि ते पाहून मलाच भीती वाटली.

मास्तरांनी नवा माठ आणून माझ्या वाळूवर ठेवला. संध्याकाळी काठोकाठ भरला, सकाळी ठणठणीत कोरडा. वाळू कोरडी, फरशी कोरडी, गळतीचं नाव नाही. दुसरा आणला, तरी तेच. माझा काय दोष? एका जागी आम्ही दोघं दाटीनं बसायचो, त्याचं पाणी माझ्यात उतरायचं, आणि मी नसलेला, माझ्यात ते टिकणार कसं? लोक त्या कोपऱ्याकडे पाहीनासे झाले. एकटा इंद्रभान तिथे येऊन बसायचा.

मग तो स्वतःच मोताळ्याला गेला. त्या पोरीला, गीताला, चारचौघांत सांगून आला की माझ्या घरातली जागा रिकामी नाही. रुखमाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. गीता मात्र लग्नाला नाही म्हणाली नाही.

लग्नानंतर एकदा ती त्याच्याबरोबर वर्गात आली. कोरड्या माठात तिनं डोकावून पाहिलं. मग बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. होय, माझ्याकडे.

"मास्तर, इथं काऊन ठेवता जी?" ती म्हणाली. "इथं कोनी बसेल हाय. बाजूले ठेवा."

तिनंच हातानं थोडी वाळू शेजारी ओढली, माठ उचलून तिच्यावर ठेवला आणि भरला. सकाळी तो भरलेलाच होता. घरीही तिनं तसंच केलं होतं. सोजराबाईचा पाट होता तिथेच ठेवला आणि आपला त्याच्या शेजारी मांडला. कय्यूमचाचाला हे सांगताना इंद्रभान भिंतीकडे तोंड करून रडला. सोजरा गेल्यापासून पहिल्यांदाच रडला.

मित्रांनो, माठ जपून उचला, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरातलं कोणी गेलं असेल, तर त्याच्या जागेवर दुसऱ्याला बसवू नका. जरा सरकून शेजारी बसवा. आम्हाला कोणाला त्रास द्यायचा नसतो. आम्हाला फक्त उठून जाता येत नाही.