खोक्यातलं लासूर

माझा लेक गोकुळ खेळणी विकतो, पण खेळायला नाय. असं सांगितलं की गल्लीतल्या बाया हसतात. हसा खुशाल. मलाबी आधी कळलं नव्हतं.

प्लास्टिकच्या बारक्या विटा एकीवर एक दाबून बसवायच्या अन् त्याचं घर करायचं, किल्ला करायचा, जहाज करायचं, असली खोकी येतात बघा बाहेरदेशातून. गोकुळ वाळूजला कंपनीत पाळीला जातो. सुट्टीच्या दिवशी कुठं सेल लागला की ही खोकी घेऊन येतो. पण आणून ती फोडत नाय! आमच्या मुकुंदवाडीच्या घरात मागच्या खोलीला लोखंडी रॅक केलेत, तिथं लावून ठेवतो. दोन वर्सं, पाच वर्सं. मग कधीतरी कंपनी ते खेळणं बनवायचं बंद करते, अन् कुणीतरी दाढीमिशीवाला बाप्या दुप्पट-तिप्पट भावानं घेऊन जातो. अट एकच, खोकं कोरं पाहिजे. चिकटपट्टी सुटलेली नको, कोपरा दबलेला नको, डाग तर मुळीच नको.

"मग तो तरी फोडून खेळतो का?" म्या विचारलं.

"नाय माय. तोबी ठेवतो."

कप्पाळ माझं! ह्याचा बाप पुंजाराम गवंडी. सिडकोतली किती घरं त्याच्या थापीखालून गेली. बापानं जिंदगीभर विटा रचल्या, अन् लेक विटा कोंडून विकतो.

तरी त्या खोलीचा मला लळा लागला. खोक्यांना ऊन लागू नये म्हणून पडदा, ओल लागू नये म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात औषधाच्या पुड्या. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, घरभर हंडे भरून ठेवावे लागतात, पण त्या खोलीत तांब्याबी नेऊ देत नाय गोकुळ. दुपारी सगळं घर तापलं की म्या तिथं खाटेवर पडायची. अर्धवट डोळा लागला की वाटायचं, खोक्यांच्या आत माणसं झोपलीत. गावंच्या गावं झोपलीत. कुणी उठवील म्हणून वाट बघतायत.

माझे डोळे गेलेत हे सांगायचं राहिलं. म्हणजे अजून सगळे नाय गेले. काचबिंदू. डॉक्टर म्हणाला, गेलं ते परत येत नाय आजी, उरलंय ते थेंब टाकून जेवढं टिकंल तेवढं. डावा तर गेलाच. उजव्यानं नळीतून बघावं तसं दिसायचं, मधलं तेवढं, कडेचं सगळं धुकं. दिव्याकडं बघितलं की भोवती रंगाचं कडं. सून मंजुषा टायमावर थेंब टाकायची, अन् ती नळी दर महिन्याला बारीक होत चालली होती.

त्या नळीतून मला एक खोकं दिसलं. दुसऱ्या रॅकवर, वरून तिसरं. त्यावर रेल्वे स्टेशनाचं चित्र. लाल कौलं, गोल घड्याळ, फलाटावर बाकडं, अन् कडेला सिग्नलचा खांब. खांबाला शिडी.

म्या जवळ जाऊन नाकच लावलं खोक्याला. अगं बाई! हे तर लासूर!

माझा बाप कडुबा लासूर स्टेशनला बत्तीवाला होता. तवा छोटी लाईन होती, कोळशाचं इंजिन. रोज दिवेलागणीला बाप शिडीवरून सिग्नलवर चढायचा अन् घासलेटचा दिवा लावायचा. म्या खाली बाटली धरून उभी. भोवती सगळीकडं अंधारून यायचं, शेतं निळी पडायची, अन् वर एकदम हिरवी काच पेटायची. तेवढं एकच हिरवं, सगळ्या जगात. बाप खाली उतरायचा, लुगड्याच्या तुकड्याला हात पुसायचा अन् म्हणायचा, "लागली गं माय बत्ती. चल आता घरी." लेकीला माय म्हणायचा तो. हे कधी कुणाला सांगितलं नाय म्या. काय सांगायचं? ते स्टेशनबी आता तसं राहिलं नाय, ते खांब कवाच गेले.

तवापासून माझ्या मनात एकच. डोळ्यांतली ती नळी बंद व्हायच्या आत हे स्टेशन उभं राहिलेलं बघायचं. दुपारी कुणी नसलं की म्या ते खोकं कानाशी धरून हळूच हलवायची. आत वाळल्या तुरीच्या शेंगांवानी खुळखुळायचं. त्या आवाजात माझा डोळा लागायचा, अन् झोपेत गाडी यायची. थांबायची. कुणी उतरायचं नाय.

गोकुळला मागितलं असतं तर? दिलं असतं त्यानं, म्हणूनच मागितलं नाय. ते त्याच्या रॅकातलं सगळ्यात जुनं खोकं. कंपनीनं बनवायचं बंद करून पाच वर्सं झालेली. त्याच्या पैशातून त्याला ह्या धंद्याच्या छोट्या दुकानाचं डिपॉझिट भरायचं होतं, पाळीची नोकरी सोडायची होती. पुण्याचा शिवम म्हणून एक पोरगा ते घ्यायला यायचा होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

मधी खंडेनवमी आली.

आमच्यात खंडेनवमीला ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा होते. पुंजारामची थापी, ओळंबा, पाटावर मांडायचे, हळदकुंकू, झेंडू. तो गेला तरी थापी मांडतेच म्या. गोकुळचं हत्यार म्हणजे ती खोलीच. पण दरसाल तो आधी हात जोडून सांगतो, "माय, हळदीची बोटं रॅकच्या लोखंडाला लाव. खोक्याला बिलकुल नको." अन् दरसाल म्या लोखंडालाच लावते.

यंदा गोकुळ कामाला गेला होता, मंजुषा पुरणाला बसली होती. म्या ताट घेऊन खोलीत गेले. निरांजनाभोवती रंगाचं कडं पडलं होतं. सगळी खोकी त्या उजेडात डुलत होती, कुठं रॅक अन् कुठं खोकं, सगळं एक झालेलं. म्या बोटं ओल्या हळदीत बुडवली अन् उमटवली.

मंजुषानं बघितलं तवा ती किंचाळलीच. "आई! काय केलं हे! पाचही बोटं खोक्यावर!"

संध्याकाळी गोकुळ आला. खोक्यासमोर लई वेळ उभा राहिला. म्हणला, "राहू दे. तिला दिसलं नाय." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दसऱ्याला सोनं द्यायला पाया पडला, तर माझा हात त्याच्या डोक्यावर ठेवायला उठेना.

दुसऱ्या दिवशी शिवम आला. पोरगा सभ्य. चहा बाजूला ठेवून आधी हात पुसले, मग मोबाईलची बॅटरी लावून खोक्याचे आठही कोपरे बघितले. बोटांपाशी आला अन् थांबला.

"दादा, हे काय आहे?"

"पूजा झाली त्याची," गोकुळ म्हणला. "म्हणून म्हणलं स्वतः येऊन बघा."

"आतलं सगळं ठीकच असणार. पण बॉक्स गेला हो. ठरलेल्या भावात नाही जमणार." जरा विचार करून तो म्हणला, "निम्म्यात देत असाल तर आत्ता नेतो. ह्याहून जास्त तुम्हाला आता कुणी देणार नाही."

म्या दारात उभी. दे म्हणावं, तर स्टेशन चाललं. नको म्हणावं, तर कुठल्या तोंडानं? सत्यानाश म्याच केलेला. पदर तोंडात धरून उभी राहिले.

गोकुळ माझ्याकडं बघत होता. मला तो सगळा दिसत नव्हता, नळीत नुसता त्याचा चेहरा.

"नाय," तो म्हणला. "हे आता विकायचं नाय."

शिवम गेला. दार लावून गोकुळ खाली बसला, माझ्या खाटेपाशी.

"माय, चाळीस खोकी हायेत खोलीत."

"व्हय."

"जिला दिसत नाय तिचा हात नेमका स्टेशनावरच कसा पडला गं? अन् पाची बोटं चिकटपट्टीवर?"

मला रडूच आलं. "दिसलं होतं रे मला," म्या म्हणलं. "तेवढं एकच दिसलं होतं. तुझं दुकान बुडवलं म्या. मार मला."

"मागायचं की गं मग! तोंड नव्हतं का?" आता मात्र तो भडकला. लई भडकला. "तू दुपारी ते हलवतीस असं मंजुषा सांगायची, अन् मला वाटायचं म्हातारीला चाळा लागलाय!" असं म्हणून तो उठला, तरातरा आत गेला, सुरी घेऊन आला अन् चर्रकन पट्टी फाडली. मंजुषानं डोळे मिटून घेतले.

तीन दुपारी लागल्या. मंजुषानं सुपात रंगारंगाच्या विटा निवडल्या, गोकुळ बसवत गेला. बापाची थापी शेजारीच ठेवली होती त्यानं, उगंच. भिंती उभ्या राहायला लागल्या तसं खोलीत काहीतरी जागं झाल्यासारखं वाटलं. म्या नळीतून तुकडा तुकडा बघायची. आधी कौलं. मग घड्याळ. मग बाकडं. सगळं एकदम कधीच नाय दिसलं, पण जे दिसलं ते पुन्हा जायचं नाय आता.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला फक्त सिग्नल राहिला होता. चित्रात लाल काच लावलेली. म्या म्हणलं, "लाल नको रे. हिरवी हाये का बघ."

होती. पुडीच्या तळाला, डाळीच्या दाण्याएवढी. गोकुळनं ती खांबावर बसवली, मंजुषाला घरातली लाईट घालवायला सांगितली, अन् मागून मोबाईलचा उजेड धरला. चहूकडं धुकं. मधी एकदम ते हिरवं पेटलं.

म्या बघत राहिले. पापणीबी हलवली नाय.

गोकुळनं शर्टाला हात पुसले अन् म्हणला, "लागली गं माय बत्ती."